‘भावाला पाठव’ म्हणणारा दुकानदार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत छंदाची दुकानं ऑनलाइनपुढे टिकतील का, या विषयावरचा लेख वाचला. त्यात कॅमेऱ्याची, पेनांची, वाद्यांची दुकानं आली. आमचं दुकान राहिलं. आमचं म्हणजे रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, आयसी असे इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्यांचं. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापासून हाकेच्या अंतरावर माझा नऊ बाय अकराचा गाळा आहे. गल्ल्यावर आधी वडील बसत, १९८३ पासून मी बसतो. भिंतीला चारशेच्या वर छोटे खण आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांवरच्या चिठ्ठ्या अजून वडिलांच्या अक्षरातल्या आहेत.

लेखाचा सूर असा होता की ऑनलाइनवाल्यांनी पडेल भावात माल विकून बिचाऱ्या दुकानदारांना मारलं. सहानुभूतीबद्दल आभार, पण तिच्यातली निम्मी आम्हाला लागू नाही. ती परत करण्यासाठी हे पत्र.

भावाचं आधी उरकतो. भावात मी हरतो. हल्ली पोरं ज्या बोर्डवर शिकतात तो आर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात निघाला. आता त्याच्या चिनी नकलाच जास्त चालतात. तसा एक बोर्ड मला घाऊकमध्ये २८० रुपयांना पडतो आणि गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून दाखवतं, घरपोच २४९. यात कुणाची लबाडी नाही. ते हजारांनी उचलतात, मी दहा उचलतो. उलट एक रुपयाचा रेझिस्टर मागवला तर कुरिअरचे साठ रुपये पडतात, म्हणून त्यांना शंभराचं पाकीट विकावं लागतं. मी चार देतो. ‘चार द्या काका... नको, पाच द्या, एक जळेलच,’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर आमचं घर चाललंय.

आणि घरपोच मालाचं आम्ही नवल करायचं कारणच नाही. माझे वडील १९७८ साली सांगोल्याला, औशाला, सावंतवाडीला व्ही.पी.ने रेडिओचं किट पाठवत. गँग, फेराइट रॉडवर गुंडाळलेली कॉइल, आयएफटीचे तीन डबे, स्पीकर, आणि सर्किटचा सायक्लोस्टाइल केलेला कागद. पोस्टमनला पैसे दिले की खोकं हातात. तेव्हा त्या त्या गावातला रेडिओवाला आम्हाला शिव्या देतच असणार! आज उदगीरचा एखादा मुलगा घरबसल्या सेन्सर मागवतो, तर त्याला ‘पुण्याला ये आणि माझ्याकडून घे’ म्हणणारा मी कोण?

आता मागच्या शनिवारची गोष्ट. बारावीतला असेल, असा एक मुलगा आला. त्याने ऑनलाइन चार लिथियमचे सेल मागवले होते, टॉर्चसाठी. सेलवर मोठ्या अक्षरात ‘९९०० एमएएच’, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते तो आकडा.

‘काका, पाऊण तासात संपतात. चार्जर खराब असेल का?’

या सेलला १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून ते नाव. एवढ्याशा डबीत चांगल्यातली चांगली कंपनी साडेतीन हजाराच्या आसपास भरते, फार तर थोडं वर. ९९०० म्हणजे लिटरच्या बाटलीत पावणेतीन लिटर दूध. पण हे बोलून पटत नाही. माझ्याकडे सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आहे. शंभर रेझिस्टर मोजत बसायचा कंटाळा येतो, म्हणून आम्ही वजनावर मोजतो. त्यावर त्याचा सेल ठेवला, २४ ग्रॅम. माझ्याकडचा ठेवला, ४६. मुलगा काही बोलला नाही. एक सेल या हातात, एक त्या हातात घेऊन कितीतरी वेळ तोलत राहिला.

हा किस्सा सांगितला की लोक म्हणतात, बघा, म्हणूनच दुकान पाहिजे. जरा थांबा. त्याने पुढे विचारलं, तुमचा कितीला? मी म्हटलं २८०. चार सेलचे ११२०. ‘घरी विचारून येतो,’ म्हणाला आणि गेला तो गेलाच. जाताना आपला एक सेल काउंटरवर विसरला. म्हणजे दहा मिनिटांच्या शिकवणीची कमाई एक खोटा सेल. आणि हे रोजचं आहे. त्याच आठवड्यात एकाचा दिवा लुकलुकत नव्हता. इंटरनेटवरच्या सर्किटमध्ये २एन२२२२ हा ट्रान्झिस्टर लिहिलेला, घरात बीसी५४७ हा दुसरा पडलेला, त्याने तोच लावला. चालतो, पण प्लॅस्टिकच्या २एन२२२२चे पाय बहुधा बीसी५४७च्या उलट क्रमाने येतात. ‘उलटा फिरवून बसव’ एवढं सांगितलं, जागेवर चालू झालं. बिल शून्य.

पूर्वी मला याचा राग यायचा. इतका, की मी दुकानात पाटी लावली होती. पुण्यात पाट्यांचं कौतुक होतं, त्यामुळे लोकांना ती गंमत वाटे. माझ्या पाटीवर होतं: ‘सर्किट तपासून मिळणार नाही. हवे ते लिहून आणावे. सुटे पैसे द्यावेत.’ आणि दुकान एक ते चार बंद. शाळा सुटायची नेमकी तीच वेळ.

गेल्या पावसाळ्यात पस्तिशीच्या एक बाई आल्या. एमओसी३०२१ नावाचा आयसी हवा होता, एकच, आणि संध्याकाळच्या आत. चाकणला कुठल्याशा कंपनीत त्या डिझाइन बघतात. मी खण उघडून आयसी काढला, मीटरवर तपासून दिला. पैसे देताना म्हणाल्या, ‘मी नववीत असताना तुमच्याकडे आले होते काका.’ मला बरं वाटलं. आमच्याकडे शिकलेलं पोर मोठं झालं की वाटतं तसं.

‘विज्ञान प्रदर्शनासाठी एलईडी हवे होते. तुम्ही म्हणालात, भावाला पाठव.’

मी काहीतरी पुटपुटलो.

‘मला भाऊ नाहीये,’ त्या हसत म्हणाल्या.

त्यांनी ते अजिबात टोचून सांगितलं नाही. माल घेतला, ‘येते’ म्हणाल्या. जाता जाता एवढं कळलं की त्यांच्या विभागाची खरेदी वर्षाला काही लाखांची आहे आणि ती सगळी एका परदेशी वितरकाच्या साइटवरून होते. रात्री अकरालाही शोधता येतं, प्रत्येक भागाचा माहितीचा कागद शेजारीच उघडतो, आणि काय करणार आहेस, कुणासाठी घेतेस, असं कुणी विचारत नाही.

मला तो प्रसंग आठवत नाही. पण मी तसं म्हटलं असणार यात शंका नाही, कारण मी तसंच बोलायचो. मुलीला ‘भावाला पाठव’, लहान मुलाला ‘वडिलांना पाठव’, खेड्यातून आलेल्याला ‘नंबर सांगा, नंबर नसला तर मिळणार नाही’. आमच्या बाजारात बहुतेक सगळे असेच बोलायचे. गिऱ्हाईक भरपूर होतं ना! गणपतीच्या आधी दीड-दोन महिने तर श्वास घ्यायला फुरसत नसे. मंडळांची पोरं आरास करायची ती स्वतः. एक ५५५, एक ४०१७ आणि दहा ट्रायॅक, की झाली पळत्या दिव्यांची कमान. ५५५ ने टिकटिक द्यायची, ४०१७ ने दहापर्यंत मोजायचं आणि आकड्यागणिक एकेक ट्रायॅक चालू करून मेनच्या दिव्यांची ओळ पेटवायची. ५५५ हा आठ पायांचा आयसी हान्स कामेंझिंड यांनी १९७१ मध्ये आखला, पुढच्या वर्षी सिग्नेटिक्सने तो बाजारात आणला. पन्नास वर्षं उलटली तरी माझ्या खणात तो आहे आणि रोज विकला जातो. असा दुसरा माल मला माहीत नाही. त्या दिवसांत मी पहाटेची सिंहगड पकडून दादरला उतरायचो, लोकलने ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री त्याचं नाव कधीच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालंय, पण आमच्या धंद्यात अजून लॅमिंग्टनच म्हणतात. दोन पिशव्या भरून रात्री घरी. एका वर्षी तर अख्ख्या लॅमिंग्टनला ४०१७ संपले होते. अशा दिवसांत एलईडी मागणारी नववीतली मुलगी म्हणजे खोळंबा वाटायचा.

आता मंडळं तयार पट्ट्या आणतात, रिमोटवर नाचणाऱ्या. त्याचं मला वाईट वाटत नाही, मेनच्या वायरीला उघडे जोड देणारी ती पोरं सुखरूप घरी जात होती हेच नशीब. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमच्या काउंटरवरून परत गेलेल्या पोरांना पुढे मोबाइलवर शिकवणारा भेटला. कुठल्यातरी गावातला एखादा तरुण हिंदीत, न चिडता, एकच गोष्ट तीनदा सांगतो. एलईडीला रेझिस्टर का लावायचा? नऊ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी दोन व्होल्ट खाणार, उरले सात. ४७० ओहम लावला की पंधरा मिलिअँपिअर. एवढंच! मला हे सांगायला अर्धं मिनिट लागतं आणि मी ते वीस-पंचवीस वर्षं सांगितलं नाही. तो सांगतो आणि खाली लिहितो, माल इथून घ्या. ज्याने शिकवलं त्याच्या शब्दावर माल घेतला, यात त्या पोरांचं काय चुकलं?

तरी मी टिकलो कसा, हे विचाराल. तर लेखात म्हटलेल्या ‘अनुभव आणि विश्वास’ या गोष्टींचा त्यात वाटा आहे, पण मोठा वाटा पागडीचा आहे. गाळा वडिलांच्या नावावर पागडीचा, भाडं इतकं जुनं की आकडा इथे छापायला संकोच वाटतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते जुनं भाडं सांभाळलं. माझ्याच रांगेतला एखादा गाळा आजच्या भाड्याने घेऊन रुपया-दोन रुपयांचे रेझिस्टर विकून दाखवा. महिनाही निघणार नाही. त्यामुळे जुनी दुकानं टिकतील का, यापेक्षा नवं एखादं दुकान निघू शकेल का, हे विचारायला हवं होतं. माझं उत्तर, पेठेत तरी नाही. वाडा विकासकाकडे गेला की आमचंही काही खरं नाही. मुलगा हिंजवडीला आहे, तो या खणांमध्ये बसणार नाही आणि मी त्याला बस म्हणणारही नाही.

आमच्यापैकी बऱ्याच जणांनी माल बदलून पाहिला. सीसीटीव्ही, मोबाइलची कव्हरं, दिव्यांच्या माळा. माझ्या दोन्ही बाजूंना आता तेच आहे. त्यांचं बरं चाललंय, मी नावं ठेवत नाही. पण अमेरिकेत रेडिओ शॅक नावाची दुकानं होती. १९२१ मध्ये बोस्टनला सुरू झालेली, हौशी रेडिओवाल्यांची. माझा मेहुणा तिकडे गेला तेव्हा मुद्दाम तिथल्या एका दुकानाचे फोटो पाठवले होते त्याने. पुढे सगळा दर्शनी भाग मोबाइलला, आणि सुटे भाग मागे कोपऱ्यातल्या दोन कपाटांत. मोबाइल काय, सगळेच विकत होते. २०१५ च्या फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ब्रिटनमधली मॅपलिन २०१८ मध्ये गेली. टोकियोत अकिहाबाराला मात्र एका वेळी एकच माणूस उभा राहील अशा टपऱ्यांतून अजून सुटे भाग मिळतात, एकेक नग. मी गेलेलो नाही, पण त्या टपऱ्यांचे व्हिडिओ मी जेवताना बघतो.

सरकारबद्दल मागणी करायची पद्धत आहे म्हणून एक लिहितो. शाळांमध्ये मुलांनी हाताने काही करावं म्हणून २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबची योजना आहे, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. योजना चांगलीच आहे. पण खरेदी होते ती खोक्यांनी. भोरकडच्या एका शाळेतले सर दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे येतात. अंतर मोजायचा सेन्सर, एचसी-एसआर०४, मुलं उत्साहात प्लस-मायनस उलटं जोडतात आणि तो जातो. सत्तर रुपयांची वस्तू. तेवढ्यासाठी खरेदीचा कागद हलवायचा म्हणजे सत्र संपतं, म्हणून सर खिशातून घेतात. वर मला म्हणतात, बिल द्या, कधीतरी मिळतील. सुट्या, छोट्या खरेदीसाठी शाळेच्या हातात महिना दोन हजार रुपये मोकळे ठेवा आणि जवळच्या दुकानाचं साधं बिल चालू द्या. त्याने माझं दुकान तरणार नाही, पण सरांचे सत्तर रुपये वाचतील. सेन्सर जळला म्हणजे मुलं खोकं उघडतायत, ही तर आनंदाची बातमी आहे.

राहता राहिलं माझं. पाटी काढली. एक ते चार दुकान बंद ठेवणं सोडलं. त्याचा त्रास बायकोला झाला, कारण दुपारचा डबा आता पोहोचवावा लागतो. शनिवारी दुपारी काउंटरच्या कडेला एक फळी टाकतो, त्यावर पंचवीस वॅटची सोल्डरची इस्त्री, थोडी राळ आणि जुने बोर्ड. ज्याला यायचं त्याने यावं, शिकवायचे पैसे नाहीत. पहिल्या शनिवारी कुणीच आलं नाही. आता तीन-चार मुलं येतात, त्यात दोन मुली. सातवीतल्या एकीचा जोड इतका गोल आणि चकचकीत बसतो की माझा पंचवीस वर्षांचा मदतनीस ओशाळतो. एकाने फळी जाळून तिला रुपयाएवढा डाग पाडलाय. मागच्या महिन्यात या शनिवारांमधून झालेली विक्री ६४० रुपये. हा आकडा मी मुद्दाम लिहितोय, नाहीतर कुणीतरी ‘जुन्या दुकानाची नवी भरारी’ असं काहीतरी छापायचं.

आणखी काय लिहू? पिवळ्या दिव्याखाली रेझिस्टरवरचा लाल पट्टा आणि नारिंगी पट्टा मला हल्ली सारखेच दिसतात, आणि त्यांत एक हजार आणि दहा हजार ओहम एवढा फरक असतो. त्यामुळे देण्याआधी मीटर लावतो. मुलं म्हणतात, काका, डोळे तपासा. तपासून घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सुटे भाग विक्रेता
बुधवार पेठ, पुणे

ता. क. तो ९९०० लिहिलेला सेल त्या रात्री लोड लावून मोजला. नऊशेच्याही आत निघाला. काट्याशेजारीच ठेवलाय. तो मुलगा हे वाचत असेल तर त्याने येऊन घेऊन जावा. दुकान दुपारी उघडं असतं.